खंडेनवमीची चाचणी

त्या वर्षी माझी मुलगी बारावीला होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे चीन, जर्मनी, सौदी असं बरंच काही येणार आहे आणि त्या गर्दीत ती हरवायला नको. तिचं बोर्डाचं रजिस्ट्रेशन इथल्या, बहरीनच्या शाळेतून झालेलं होतं आणि परीक्षा फेब्रुवारीत सुरू होणार होती. तिचा आणि तिच्या आईचा व्हिसा माझ्या व्हिसावर, माझा व्हिसा नोकरीवर, नोकरी वर्कशॉपवर आणि वर्कशॉप 'अधिकृत दुरुस्ती केंद्र' या एका जर्मन पाटीवर. अशी आमच्या घराची उतरंड. सगळ्यात खालचं मडकं जर्मनीत होतं आणि ते हलेल असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

वर्कशॉप सित्र्याच्या औद्योगिक भागात आहे. म्हणजे होतं. रिफायनरीतले पंप बिघडले की आमच्याकडे यायचे. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून तेल गळू नये म्हणून दोन कड्या एकमेकींना चिकटून फिरतात, एक कार्बनची, एक सिलिकॉन कार्बाइडची. त्याला आम्ही सील म्हणतो. त्या कड्यांची तोंडं इतकी सपाट घासावी लागतात की मध्ये साधी धूळ गेली तरी गळती लागते. हे घासण्याचं काम मी पिंपरीच्या एका कारखान्यात शिकलो आणि त्याच कामाने मला इथे आणलं. लोक विचारायचे, गल्फमध्ये काय करता? मी सांगायचो, गळती थांबवतो. बायको म्हणायची, घरातला बेसिनचा नळ सोडून.

मोठमोठ्या देशांचं आपसात काय चाललंय ते आम्हाला खोक्यांवरून कळायचं. आधी सुट्या भागांची खोकी थेट जर्मनीहून यायची, आत पुठ्ठ्याची नीट घडी, प्रत्येक कडी कागदात गुंडाळलेली. मग तिकडे रशियाचा गॅस बंद झाला, त्यांना भट्ट्या चालवणं परवडेना, आणि ओतकाम चीनमधून यायला लागलं. मग कड्याही तिथूनच यायला लागल्या. मग एके दिवशी कळलं की ती जर्मन कंपनीच एका चिनी कंपनीने विकत घेतली. खोक्यावरचं नाव तेच राहिलं. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण माल उघडून घासून पाहिला तर त्यात काही खोट नव्हती आणि त्याचा मला जास्तच राग आला.

नव्या मालकांनी कळवलं की आखातात इतकी दुरुस्ती केंद्रं नकोत. या बाजूला एकच ठेवू. एक तर आमचं, नाही तर समुद्रावरच्या पुलापलीकडचं, सौदीतलं दम्मामचं. त्यांची इंजिनिअर येईल, दोन्हीकडे एकेका सीलची चाचणी घेईल आणि मग ठरेल.

आमचे मालक म्हातारे बहरीनी. सगळे त्यांना अरबाब म्हणायचे. मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर उभं आयुष्य गेल्यामुळे हिंदी अस्खलित. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "देखो, टेस्ट पास, तो सब पास. टेस्ट फेल, तो खलास. मेरे पास दूसरा काम मफी. साल के आखिर में सबका व्हिसा कॅन्सल." मफी म्हणजे नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे खजूर सरकवले. मी एक घेतला आणि तो हातात धरूनच बाहेर आलो.

त्या दिवसापासून मी जमेल तिथे हातपाय मारले. दुसऱ्या कंपन्यांत विचारलं. प्रत्येक ठिकाणी माझ्या वयाकडे बघून चहा पाजला आणि बोळवण केली. शाळेत गेलो. तिथल्या बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं की व्हिजिट व्हिसावर मुलीला शाळेत ठेवता येणार नाही, आणि परीक्षाकेंद्र बदलून भारतातलं घ्यायची मुदत संपली आहे. थोडक्यात, डिसेंबरात आम्ही निघालो तर तिचं वर्ष गेलं. हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "इट्स ओके, बाबा," आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. त्या इंग्रजीमागे काय असतं ते मला कधीच नीट ऐकू येत नाही.

मग चाचणीची तारीख आली. चीनमधली ऑक्टोबरची मोठी सुट्टी संपली की त्याच आठवड्यातला दिवस. अरबाबांनी ताबडतोब होकार कळवून टाकला. मी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खंडेनवमी.

आता ज्याने कधी कारखान्यात काम केलं नाही त्याला यात काय एवढं असं वाटेल. पण आमच्या वर्कशॉपमधले फिटर बहुतेक सांगली-कोल्हापूरकडचे. खंडेनवमीला हत्यारं खाली ठेवायची, यंत्रं पुसून घ्यायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याचा. हे आम्ही बहरीनमध्येही पाळलं होतं आणि अरबाबांनी कधी हरकत घेतली नव्हती, उलट पेढ्यांचा पहिला बॉक्स त्यांच्याच केबिनमध्ये जायचा. पूजेला माझी बायको यायची. तिच्याशिवाय पूजा होतच नाही असं तिचंही मत होतं आणि फिटरांचंही.

फिटर म्हणाले, "साहेब, तारीख बदलून घ्या." मी म्हटलं, पोटावर पाय येतोय आणि तारखा कसल्या बदलताय. शेवटी असं ठरलं की सकाळी लवकर पूजा उरकायची, सगळी यंत्रं बंद ठेवायची आणि फक्त चाचणीचं यंत्र चालवायचं. ते काचेच्या वेगळ्या खोलीत होतं, धूळ जाऊ नये म्हणून. ते सांभाळणारा आमचा सहकारी नागपूरकडचा, बौद्ध. तो पूजेत नसायचा, पेढ्यांत असायचा. तो म्हणाला, "मी चालवतो, मला काही अडचण नाही. फक्त वहिनींना सांगा, ते ताट काचेच्या आत आणू नका." मी बायकोला तीनतीनदा बजावलं. ती म्हणाली, "मला काय कळत नाही का?"

कुंकू तिने बाब अल बहरीनच्या मागे, बाजारातल्या गल्लीतून आणलं होतं, झेंडू पण तिथूनच. आदल्या संध्याकाळी माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून तिने माळा ओवल्या. मुलगी शेजारी पुस्तक घेऊन बसली होती आणि मधूनच फुलं पुढे करत होती. बायको म्हणाली, "या वर्षी मी देवीला काही मागणार नाही. फक्त परीक्षेपर्यंत राहू दे म्हणणार." मी उठून उगाच बाल्कनीत गेलो.

सकाळी पूजा सुरू झाली. लेथला माळ, ड्रिलला माळ, पान्यांच्या मांडणीला कुंकवाची बोटं. घंटा वाजत होती. आणि चिनी बाई ठरल्या वेळेआधीच येऊन हजर झाल्या. वय चाळिशीच्या आतलं, केस आखूड, पायात सेफ्टी बूट, हातात पांढरे सुती मोजे घालूनच आल्या होत्या. त्या थेट काचेच्या खोलीत गेल्या, मी कड्या काढून ठेवल्या होत्या त्या पाहिल्या आणि मान हलवली. मला वाटलं, जिंकलं. मग घंटेचा आवाज ऐकून त्या कुतूहलाने बाहेर, पूजेच्या ठिकाणी आल्या.

आता माझ्या बायकोचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. दारात सणाच्या दिवशी बाई आलेली. तिने आपल्या मंगळसूत्राला हात लावून खुणेनेच विचारलं, लग्न झालंय? बाईंनी हसून मोज्यावरून बोटातली अंगठी दाखवली. मग काय, हळद-कुंकू न लावता पाठवायचं? बायकोने ताट पुढे केलं. बाईंनी आदर म्हणून दोन्ही मोजे काढून काखेत धरले आणि मान खाली केली. बायकोने हळद लावली, कुंकू लावलं, जरा सढळ हातानेच, आणि थोडं नाकावर सांडलं. बाईंनी ते बोटाने पुसलं. सगळे हसले, फिटरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. अरबाब केबिनच्या दारातून म्हणाले, "माशाल्ला." मी त्या हसण्यात सामील होतो. काचेच्या आत ताट न्यायचं नाही एवढंच आम्ही ठरवलं होतं आणि ताट आत गेलंच नाही.

बाईंनी त्याच बोटांनी मोजे पुन्हा चढवले. आत गेल्या. नियमाप्रमाणे कड्या त्यांनीच बसवायच्या होत्या. एक उचलली, दुसरी उचलली, तोंडाला तोंड लावलं. यंत्र सुरू झालं, पाण्याचा दाब चढत गेला. आमचा सहकारी काट्याकडे बघत होता आणि मी खालच्या ट्रेकडे. थोड्या वेळाने ट्रेमध्ये एक थेंब पडला. मग आणखी एक. मग धार लागली.

असं कधी झालं नव्हतं. यंत्र थांबवून सील उघडलं, तर राखाडी कडीच्या तोंडावर फिकट गुलाबी झाक. बाईंनी आपल्या मोज्याची बोटं पाहिली, तीही गुलाबी. मग त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. बायको तिथे ताट घेऊन उभी होती. तिला कळलं. ताट तिने इतक्या सावकाश खाली ठेवलं की तेवढा वेळ मला तिच्याकडे बघवलं नाही.

बाईंनी स्वतःच सुचवलं, पुन्हा करू. मोजे बदलले, कड्या धुतल्या, पुन्हा बसवल्या. दुसऱ्या वेळी एकही थेंब पडला नाही. अरबाब "अल्हमदुलिल्ला" म्हणत होते. मग बाई फोन घेऊन बाहेर गेल्या आणि उन्हात उभ्या राहून बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, नियमाने पहिली चाचणीच धरतात. माफ करा.

अरबाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खलास, हबीबी." त्यांनाही हे वर्कशॉप बंद करायचं नव्हतं, त्यांनी ते स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. फिटर हत्यारांच्या मांडणीजवळ नुसतेच उभे राहिले. बायकोला मी टॅक्सीत बसवून घरी पाठवलं. पेढे कुणी खाल्ले ते मला माहीत नाही.

संध्याकाळच्या विमानासाठी बाईंना सोडायला मीच गेलो. बायकोने तरीही घरी जाताना त्यांच्यासाठी पेढ्यांची पिशवी माझ्या गाडीत ठेवली होती आणि ती बाईंच्या मांडीवर होती. त्यांनी मला विचारलं, तुमचं गाव कुठलं? मी पुण्याजवळ म्हटलं. त्या म्हणाल्या, मला कंपनीने दोनदा पुण्याला पाठवायचं ठरवलं, पण तुमच्या देशाने व्हिसा दिला नाही. मी म्हटलं, सीमेवरच्या भांडणामुळे. त्या म्हणाल्या, हो. तिकडे बर्फात कुणाकुणाची झटापट झालेली आणि इकडे आम्ही दोघं मनाम्याच्या ट्रॅफिकमध्ये एकाच गाडीत बसलेलो.

पुलावर अराद आणि विमानतळाकडच्या पाट्या लागल्या तेव्हा त्या एकदम बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या मिसेसना सांगा, हे त्यांच्यामुळे झालं नाही. दम्मामच्या जागेचा करार उन्हाळ्याआधीच झाला आहे. आमचा देश सौदीकडून तेल घेतो, बदल्यात कारखाने उभारायची कामं मिळतात, पंपही आमचेच लागतात, म्हणून केंद्र तिकडेच हवं. बहरीन लहान आहे. चाचणी वेळापत्रकात होती, म्हणून मला पाठवलं. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं.

मी गाडी चालवत राहिलो. मला त्यांचा राग आला नाही, ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते. ज्याच्यावर रागवावं असा माणूसच या सगळ्यात सापडत नव्हता. आम्ही दोन महिन्यांपासून जिवाच्या आकांताने ज्या कड्या घासत होतो त्यांना काही अर्थच नव्हता. गळल्या असत्या तरी तेच आणि नसत्या गळल्या तरी तेच. विमानतळावर उतरताना बाईंनी मला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं. कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं.

घरी आलो तर बायको सोफ्यावर तशीच बसलेली, सकाळचीच साडी. मुलगी तिच्या पायाशी. मी आल्या आल्या सगळं सांगितलं, एका दमात. करार आधीच झाला होता. तुझा काही संबंध नाही. चाचणी नुसती नावापुरती होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही माझी समजूत काढताय."

"अगं, देवाशपथ. त्या बाईंनी स्वतः सांगितलं."

"मग दुसऱ्यांदा का केली चाचणी? आधीच ठरलेलं होतं तर एवढ्या उन्हात फोन कशाला केला? तुम्ही मला लहान मूल समजू नका. माझ्या हाताने झालंय हे."

मी पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत सांगितलं, शेवटी आवाज चढवून सांगितलं. ती ऐकेना. आणि मग माझ्या हळूहळू ध्यानात आलं की तिला ते ऐकायचंच नव्हतं. चूक तिची असेल तर तिला माफी मागता येत होती. पाया पडता येत होतं. काहीतरी करता येत होतं. सगळं आधीच ठरलेलं असेल तर करण्यासारखं काही उरतच नव्हतं, आणि मुलीचं वर्ष जात असताना हातावर हात ठेवून बसायला ती तयार नव्हती. दोष तिला हवा होता. मी तो तिच्याकडून ओढून घेत होतो.

"त्या ताईंचा नंबर आहे ना तुमच्याकडे?" ती म्हणाली. मग मुलीला, "लिही. इंग्रजीत चांगलं लिही. मी सांगते तसं."

माझ्या फोनवर मुलगी लिहायला बसली. बायको मराठीत सांगत होती: चूक माझ्या हातून झाली. त्याची शिक्षा वर्कशॉपला नको. माझी मुलगी बारावीत आहे. फक्त परीक्षेपर्यंत थांबा. मी तुमच्या पाया पडते. हे सांगताना तिने खरोखरच हात जोडले होते, फोनपुढे. मुलीची बोटं भराभर चालत होती. मी सोफ्याच्या मागे उभा होतो आणि मला फोनचा स्क्रीन दिसत होता. त्यावर मुलगी लिहीत होती की आज तुम्ही आलात, आईला तुम्हाला भेटून आनंद झाला, तुमचा प्रवास सुखाचा होवो. एवढंच.

"वाच बघू," बायको म्हणाली. तिचा चष्मा आत होता.

मुलीने फोन जवळ धरून वाचलं. अडखळली नाही. आईने सांगितलेलं सगळं तिने सफाईदार इंग्रजीत वाचून दाखवलं, शिक्षा, बारावी, पाया पडणं, सगळं, जे तिथे लिहिलेलंच नव्हतं. वाचून झाल्यावर तिने एकदा वर माझ्याकडे पाहिलं. करार आधीच झाला होता हे माझं म्हणणं तिला पटलं होतं. आपल्यासाठी आईने कुणाच्या पाया पडू नये एवढंच तिच्या हातात होतं आणि तेवढं तिने केलं. मी तिला अडवलं नाही.

"सेंट, आई," ती म्हणाली.

बायको उठली आणि तिने दुपारपासून पहिल्यांदा गॅस पेटवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मुलीने ते वाचलं, वरचा आपला मेसेज खोडून टाकला, आणि मग या वेळी चष्मा लावून बायकोनेही वाचलं: आभार, तुमची आई फार प्रेमळ आहे, तुमच्या कुटुंबाला पुन्हा भेटायला मला आवडेल. बायकोने फोन छातीशी धरला. "पुन्हा भेटू म्हणते आहे. म्हणजे बघतील ते काहीतरी. असं उगाच कोण लिहितं?" मी मुलीकडे पाहिलं, मुलीने माझ्याकडे.

त्या एका वाक्यावर बायकोने नोव्हेंबर काढला आणि डिसेंबरही निम्मा काढला. मी खोकी आणली, तिने ती बाल्कनीत नेऊन ठेवली, एवढ्यात भरायची नाहीत म्हणून. रोज संध्याकाळी ती मुलीपुढे दूध ठेवायची आणि म्हणायची, तू तुझं वाचत रहा, बाकी मी बघते. आणि मुलगी वाचत राहायची. फिजिक्स, केमिस्ट्री, जुने पेपर, घड्याळ लावून. ज्या परीक्षेला आपण बसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्या परीक्षेचा अभ्यास ती रोज आईच्या समोर बसून करत होती.